भंडारदऱ्याच्या काठावरची रात्र

मा. संचालक,
पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई
यांस खुले पत्र



भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाचं उद्घाटन १० डिसेंबर १९२६ रोजी झालं. मुंबई प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तो समारंभ झाला आणि धरणाला नावही त्यांचंच मिळालं. २०२६ हे या धरणाचं शताब्दी वर्ष. अशा निमित्तानं एखाद्या ठिकाणी काय काय होतं, ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. रोषणाई होते, मोठा मंच उभा राहतो, आवाजाच्या भिंती लागतात, घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. या पत्राची मागणी याच्या उलट आहे. शताब्दीची भेट म्हणून भंडारदऱ्याच्या काठाला अंधार आणि शांतता द्यावी, आणि ती कायद्यानं राखावी.

काठावरच्या गावांचा रोजगार आता या दोन गोष्टींवर उभा राहतो आहे, म्हणून ही मागणी पर्यावरण खात्याआधी आपल्याकडे.

शनिवारी दुपारनंतर घोटीच्या बाजूनं गाड्या यायला लागतात. मुंबई, नाशिक, पुण्याहून आलेली कुटुंबं आणि मित्रमंडळी शेंडी, मुतखेल, पांजरे, मुरशेत, रतनवाडी अशा गावांच्या आसपास पाण्याजवळ लावलेल्या तंबूंमध्ये उतरतात. व्यवस्था साधी असते. चहा आणि भजी, अंधार पडला की शेकोटी, मग चुलीवरची भाकरी, पिठलं किंवा गावरान कोंबडी, ठेचा, आणि सकाळी पोहे. गादी पातळ असते, स्वच्छतागृह चार पावलं दूर असतं, पहाटे तंबूचं कापड दवानं ओलं होतं. तरीही लोक पुन्हा येतात. समोर रतनगड आणि त्याचा खुटा दिसतो. महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक असलेलं १,६४६ मीटरचं कळसूबाई शिखर याच परिसरात आहे. वारा पडला की पाण्यावर एक सुरकुती राहत नाही. रात्री टिटवी ओरडते, रातव्याचा ठोके दिल्यासारखा आवाज येत राहतो, आणि अमावास्येच्या आसपास आकाशगंगेचा पट्टा साध्या डोळ्यांनी दिसतो. ठाण्याच्या किंवा पिंपरीच्या मुलाला हे घराच्या गच्चीवरून कधीच दिसत नाही. पोहे आणि कोंबडी त्याला कुठेही मिळतात. या काठाकडे विकण्यासारखं जे आहे, ते एवढंच.

या जागेची घडण थोडी सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय मागणीचं वजन कळणार नाही. धरणाचं काम १९१० साली सुरू झालं. २७० फूट उंचीची ही दगडी भिंत त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांमध्ये गणली जात होती. मागच्या जलाशयाला आर्थर लेक म्हणतात आणि त्यात सुमारे ११ टीएमसी पाणी मावतं. १९६९ साली भिंतीला तडे गेले, तेव्हा पाणी कमी करून, टेकू बांधून ती बळकट करण्यात आली. इतकी काळजी घेण्याचं कारण खालच्या खोऱ्यात होतं. धरण ज्या प्रवरा नदीवर आहे, तिच्या कालव्यांवर संगमनेर, राहाता, श्रीरामपूर हा सारा टापू हिरवा झाला. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना आणि त्याभोवती वाढलेली शिक्षणसंस्था, दवाखाने, बाजार या सगळ्याला या पाण्याचा आधार आहे.

काठावरच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं. पाऊस त्यांच्या डोक्यावर पडतो. घाटघरला तर नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात, आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी ही ओळख कायम आहे. पण पाणी खाली जातं आणि उन्हाळ्यात डोंगरावरच्या वाडीतल्या बायका हंडा घेऊन झरा शोधतात. भात एकदाच होतो. नागली आणि वरई उतारावर. बाकीचे महिने माणसं मजुरीला खाली उतरतात, नारायणगावच्या आणि नाशिकच्या मळ्यांपर्यंत जातात. धरणाच्या शंभर वर्षांत काठावरच्या माणसाच्या हाती काठावरच राहून पैसा देणारं पहिलं मोठं साधन म्हणजे हे तंबू. म्हणून त्यांच्यावर सरसकट बंदी घालण्याचा विचार कुणी मांडला, तर हे पत्र त्याच्या पूर्ण विरोधात आहे.

अडचण आहे ती काठ नेमका कुणाचा, या प्रश्नाची.

भंडारदरा हा स्थिर पातळीचा तलाव नाही. ऑगस्टमध्ये तो भरतो, मग आवर्तनं सुटायला लागतात आणि मे संपेपर्यंत पाणी कितीतरी खाली गेलेलं असतं. पाणी ओसरलं की गाळपेराची जमीन उघडी पडते. तिच्यावर कुणी पीक घेतं, कुणी गुरं चारतं, आणि आता कुणी तंबू लावतं. ही जमीन जलसंपदा खात्याची. तिच्या वरच्या अंगाला कुठे शेतकऱ्याची मालकीची खाचरं आहेत, कुठे राखीव जंगल. परिसराचा मोठा भाग १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. त्यामुळे एकाच रांगेतले पाच तंबू तीन वेगवेगळ्या मालकांच्या जमिनीवर असू शकतात. रात्री बारा वाजता कुणी मोठ्यानं गाणी लावली, तर वनरक्षक हद्दीकडे बोट दाखवतो, धरणावरचा कर्मचारी आपलं काम पाण्याचं असल्याचं सांगतो, आणि पोलीस ठाणं लांब राजूरला. तक्रार करायची झाली तर पर्यटकानं करायची, गावकऱ्यानं करायची, की शेजारच्या तंबूवाल्यानं, हेही ठरलेलं नाही.

पाण्याकाठी आवाज वेगळा वागतो. रात्री पाण्यालगतची हवा थंड असते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर असतो. वर निघालेला आवाज या थरातून खाली वाकतो आणि पाण्याच्या सपाट पृष्ठावरून फार दूरपर्यंत जातो. पलीकडच्या तीरावरचं बोलणं त्यामुळे रात्री स्पष्ट ऐकू येतं. एका तंबूतला एक स्पीकर पूर्ण खोरं भरून टाकतो आणि त्या रात्री काठावर मुक्काम केलेल्या प्रत्येक माणसानं ज्यासाठी पैसे मोजले, ते त्याच्याकडून काढून घेतो. शांतता सगळ्यांची असते आणि ती मोडायला एकजण पुरतो. म्हणूनच ती बाजारावर सोडून चालत नाही.

काजव्यांचं गणित याहून नाजूक आहे. मे महिन्याच्या अखेरीस, वळवाच्या सरी पडून गेल्या की घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत, कोलटेंभे या पट्ट्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर या झाडांवर लाखो काजवे लखलखतात. एक झाड उजळतं, विझतं, पुन्हा उजळतं, आणि शेजारचं झाड त्याच लयीत सामील होतं. हा सोहळा मोसमी पाऊस जोर धरेपर्यंत टिकतो. काजव्याचं बहुतेक आयुष्य ओल्या मातीत अळीच्या रूपात, गोगलगायींवर गुजराण करण्यात जातं. पंख फुटलेला काजवा जेमतेम दोन-तीन आठवडे जगतो आणि तेवढ्या अवधीत त्याला जोडीदार शोधायचा असतो. त्याचा प्रकाश म्हणजे हाक आहे. नर लुकलुकतो, खालच्या गवतात किंवा झुडपात बसलेली मादी उत्तर देते. गाडीचे दिवे, मोबाइलचा फ्लॅश, तंबूवर टांगलेली दिव्यांची माळ यांच्या झोतात ते उत्तर दिसत नाही. जवळून बघायला म्हणून झाडाखाली गेलेल्या घोळक्याच्या बुटांखाली माद्या आणि अंडी चिरडली जातात. वन विभागानं काजव्यांच्या हंगामात रात्री ठरावीक वेळेनंतर गाड्यांना प्रवेश बंद करण्यासारखे निर्बंध घातले आहेत, ही चांगली सुरुवात. पण नाक्याच्या आत आधीच येऊन बसलेल्या तंबूंच्या दिव्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. काजव्यांच्या ज्या महोत्सवासाठी माणसं दोनशे किलोमीटर येतात, त्याचा पाहुणा काजवा आहे, आणि त्याचीच गैरसोय सर्वांत जास्त होते.

पवनेचा काठ डोळ्यांसमोर असताना हे सगळं अंदाजानं सांगावं लागत नाही. मावळातलं पवना धरण लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या चार किल्ल्यांच्या मधोमध आहे. निसर्गानं दिलेलं भंडारदऱ्याइतकंच देखणं. मुंबई आणि पुणे दोन्ही तिथून जवळ, म्हणून तंबूंचा धंदा तिथे आधी वाढला आणि झपाट्यानं वाढला. ठाकूरसाई, आंबेगाव, फांगणे अशा गावांच्या काठावर आता शनिवारी तंबूला तंबू लागलेला असतो. एकाच्या गाण्यावर दुसऱ्याचं गाणं चढतं, दिव्यांच्या माळांमुळे आकाश दिसेनासं होतं. हेच पाणी पुढे पिंपरी-चिंचवडकर पितात. पोहायला उतरलेली तरुण मुलं बुडाल्याच्या बातम्या तिथून पुन्हा पुन्हा येतात. धरणाच्या काठाला नदीघाटासारख्या पायऱ्या नसतात. पाण्याखाली जुन्या शेतांचे बांध असतात, गाळ असतो, एका पावलावर गुडघाभर आणि पुढच्या पावलावर पुरुषभर पाणी असतं. चांगलं पोहणाराही गाळात अडकतो.

पवनेच्या काठावरच्या माणसाची कहाणी वेगळी नाही. या धरणासाठी जमिनी दिलेल्या शेकडो खातेदारांच्या पर्यायी जमिनीचा प्रश्न पन्नास वर्षांहून अधिक काळ रेंगाळला. तिथंही काही तंबू याच कुटुंबांतल्या मुलांचे आहेत. पण गर्दी वाढली तशी बाहेरची गुंतवणूक आली आणि गावातला पोरगा अनेक ठिकाणी मालक न राहता पगारी राहिला.

जीव गेल्यावर काय होतं, तेही याच मावळात दिसलं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते दृश्य साऱ्या महाराष्ट्रानं मोबाइलवर पाहिलं. त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या अनेक पर्यटनस्थळांवर पावसाळ्यापुरते मनाई आदेश निघाले. ते आवश्यकच होते. पण जीव गेल्यावर निघणारा आणि पावसाबरोबर संपणारा आदेश ही व्यवस्था होऊ शकत नाही.

व्यवस्था कशी असते, याचं उदाहरण शोधायला महाराष्ट्राबाहेर जावं लागणार नाही. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, वाघोली, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरहून अधिक दिवे बदलून त्यांना झाकण लावलेले, फक्त जमिनीकडे प्रकाश टाकणारे दिवे बसवले गेले. वाघोली तलावाजवळचा मनोरा आकाशनिरीक्षणासाठी राखून ठेवला गेला. गाव अंधारात गेलं नाही. रस्त्यावर उजेड राहिला आणि आकाश मोकळं झालं. राज्याच्याच वन विभागानं हे करून दाखवलं आहे, तर भंडारदऱ्यात ते करायला नवीन संशोधन नको, इच्छा हवी. शेंडीच्या बाजारपेठेतले, हॉटेलांचे आणि शासकीय विश्रामगृहांचे दिवे आधी बदलावेत. सरकारनं स्वतःच्या इमारतीवरून सुरुवात केली, तर तंबूवाल्याला सांगण्याचा अधिकार येतो.

शांततेसाठीही नवा कायदा लागत नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० पासून लागू आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. याच नियमांत शांतता क्षेत्राची तरतूद आहे. अशा क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४० डेसिबल असते, म्हणजे हलक्या आवाजातल्या बोलण्याहूनही कमी. रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयांच्या पलीकडे इतर परिसरही सक्षम प्राधिकरणाला शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतात. भंडारदऱ्याचा जलाशय आणि त्याचा काठ तसा घोषित व्हावा, असा प्रस्ताव पर्यटन संचालनालयानं पाठवावा. उत्सवांसाठी वर्षातले काही दिवस रात्री बारापर्यंत सूट देण्याची मुभा राज्य सरकारला आहे. ती या काठासाठी शताब्दीच्या वर्षीही वापरू नये.

आणि मग ग्रामसभा. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणजे तिथं १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार या कायद्यानं ग्रामसभेला दिलेला आहे. काठावरच्या रात्री बिघडण्यात दारूचा वाटा किती, हे गावातल्या कोणत्याही बाईला विचारावं. फुटलेल्या बाटल्या गाळात रुततात, पावसाळ्यात पाण्याखाली जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघड्या पडतात. त्यांनी पाय कापतात ते म्हशींचे आणि त्यांच्यामागे अनवाणी धावणाऱ्या पोरांचे. ग्रामसभेनं ठराव केला आणि तंबूच्या नोंदणीची अट म्हणून तो संचालनालयानं मान्य केला, तर कागदावरचा अधिकार काठावर उतरेल.

नोंदणी हा आपल्याच कार्यालयाचा विषय आहे. २०२० चं कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ चं साहसी पर्यटन धोरण, दोन्हींमध्ये ती आपल्याकडे होते. पण जलाशयाच्या सरकत्या काठावर दोन रात्रींसाठी लागणाऱ्या तंबूला जलसंपदा, वन, महसूल आणि ग्रामपंचायत यांनी मिळून एकाच खिडकीतून परवाना द्यावा, अशी सोपी वाट असायला हवी. आज सातबारा, ना-हरकत आणि शिक्के यांच्या फेऱ्यांना कंटाळून गावातला तरुण नोंदणीच करत नाही, आणि ज्याच्याकडे वकील आहे तो बाहेरचा माणूस ती करून घेतो. परवान्यात स्थानिक कुटुंबांना पहिला हक्क असावा. एका वाडीच्या काठावर किती तंबू, हे ग्रामसभेनं ठरवावं. पाण्याच्या रेषेपासून किती अंतर, हे जलसंपदा खात्यानं आखून द्यावं, कारण शौचालयाचा खड्डा काठाशी खणला की त्याचं पाणी पुढे खालच्या निळवंडे धरणात आणि तिथून खालच्या गावांच्या नळांत जातं. पोहण्यास मनाई असावी. होडीत चढणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट असावं आणि तसं नसेल तर होडीवाल्याचा परवाना जावा, यात सवलत नको. शेकोटी जमिनीवर पेटवू नये, लोखंडी शेगडीत पेटवावी, आणि लाकूड अभयारण्यातलं नसावं. काजव्यांच्या तीन आठवड्यांत दिव्यांच्या माळा पूर्ण बंद.

यातलं काहीही महाग नाही. काही तंबूवाले आजही यातलं बरंच पाळतात. गाडीतून उतरतानाच पाहुण्याला सांगतात की इथं गाणी लागणार नाहीत, आणि असं सांगितल्यामुळे काही गिऱ्हाइकं परत जातात हे सोसतात. प्रामाणिक माणसाचं नुकसान आणि बेफिकीर माणसाचा फायदा, अशी आजची स्थिती आहे. नियम सगळ्यांना सारखा झाला की हे नुकसान थांबेल.

जेवणाच्या ताटाकडेही आपल्या खात्यानं बघावं. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपण्याच्या कामासाठी पद्मश्री मिळाली. काळभातासारखा सुवासिक भात, घेवड्याचे अनेक वाण, नागली, वरई हे सगळं या तालुक्यात अजून पिकतं. काठावरच्या काही तंबूंत मात्र पाहुण्याला पनीरची भाजी आणि नूडल्स वाढल्या जातात, कारण पाहुणे तेच मागतात असा समज आहे. ज्या तंबूत ताटातलं धान्य गावातून विकत घेतलं जातं, त्याला नोंदणी शुल्कात सूट द्या. मग पर्यटनाचा पैसा तंबूच्या मालकापाशी न थांबता डोंगरावरच्या खाचरापर्यंत जाईल.

शताब्दीसाठी निधी आलाच, तर तो झाकलेल्या दिव्यांवर, काठावरच्या स्वच्छतागृहांवर, बचावाच्या होडीवर आणि गावातल्या मुलांना जीवरक्षक म्हणून तयार करण्यावर खर्च व्हावा. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर शेकडो वर्षं दिव्यांच्या झोताशिवाय सुंदर राहिलं आहे, त्याच्यावर रंगीत प्रकाश टाकण्याची घाई करू नये.

काजव्यांचा हंगाम मेअखेरीस सुरू होतो. त्याआधी शेंडी, मुतखेल, पांजरे, मुरशेत, घाटघर आणि रतनवाडी या गावांच्या ग्रामसभांना जलसंपदा आणि वन विभागाच्या अधिकाऱ्यांसह आपण स्वतः हजर राहावं, तंबूवाल्यांचं म्हणणं ऐकावं आणि परवान्याच्या अटी तिथंच, गावासमोर ठरवाव्यात, ही कळकळीची विनंती.